पॅरिसचें सांडपाणी आणि भाजीचे मळे

शहरानें अन्न घ्यावें व त्याच्या मोबदल्यांत वेशीबाहेरच्या शेतांना खत द्यावें, हा व्यवहार फार जुना आहे. एकोणिसाव्या शतकांत पॅरिसनें त्यास शास्त्राचें रूप दिलें. व्हिक्टर ह्यूगोनें 'ले मिझराब्ल' या १८६२ मधील कादंबरींत, राजधानी आपलें खत समुद्रांत फेंकून देते म्हणून पानेंच्या पानें खर्चीं घातलीं आहेत. (तेवढा वेळ कथानक गटाराच्या तोंडाशीं खोळंबून राहतें, हें आमच्या विद्यार्थ्यांना मुळींच रुचत नाहीं.) पुढें १८६९ पासून मिल व ड्युरां-क्ले या इंजिनियरांनीं सेन नदीच्या वळणांतील गेनव्हिलिये गांवच्या रेताड जमिनीवर सांडपाणी सोडण्यास आरंभ केला. थोड्याच वर्षांत तेथें भाजीचे मळे पिकूं लागले.

विरोध झाला नाहीं असें नाहीं. तळघरांत पाणी झिरपतें, ताप पसरेल, दुर्गंधि सुटेल, या गाऱ्हाण्यांवरून वर्षानुवर्षें वाद चालला. तरी शेवटीं १८९४ च्या कायद्यानें घरोघरींचा सर्व मैला गटारांत सोडण्याची सक्ति झाली, आणि १८९५ मध्यें आशेरचीं विस्तीर्ण शेतें या कामीं लागलीं. दर हेक्टरास वर्षाकाठीं ४०,००० घनमीटर ही सांडपाण्याची कमाल मर्यादा ठरली. निष्काळजीपणाचा आरोप त्या लोकांवर करतां येणार नाहीं. त्यांनीं मोजमाप केलें, वाद ऐकून घेतले, निचऱ्याचें पाणी तपासलें. तें स्वच्छ होतें.

आमच्या मतें सगळी मेख या स्वच्छतेंतच आहे. पाणी निर्मळ होई, कारण त्यांतील घाण माती धरून ठेवी. सेंद्रिय द्रव्य कुजून पिकांच्या उपयोगी पडे. परंतु शिसें, कॅडमियम, जस्त, तांबें हीं कुजत नाहींत. नांगरटीच्या वरच्या थरांतील सेंद्रिय द्रव्यालाच तीं चिकटून बसतात. म्हणजे ज्या गुणामुळें जमीन उत्तम गाळणी ठरली, त्याच गुणामुळें ती विषाची कोठी झाली. तपासनिसांची दृष्टि होती रोगजंतूंवर आणि पाण्यावर. मातीचा जमाखर्च कोणी ठेवलाच नाहीं. त्यांत विसाव्या शतकांतील कारखान्यांची भर पडली. अखेर इ. स. २००० च्या सुमारास पिएरले, आशेर वगैरे ठिकाणीं भाजीपाल्याच्या लागवडीस बंदी झाली. कांहीं पिढ्या ज्या मळ्यांवर जगल्या, त्यांत मका तेवढा उरला.

आपल्या देशांत कलकत्त्याच्या पूर्वेस धापा येथें शहराच्या कचऱ्यावर भाजी पिकविण्याची वहिवाट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आहे, आणि शेजारच्या तळ्यांत सांडपाण्यावर मासे वाढतात. गरिबाच्या ताटांतील स्वस्त भाजी व मासळी त्यावर अवलंबून असल्यानें, पॅरिसच्या उदाहरणावरून हा उद्योग सरसकट बंद करावा असें म्हणणें आम्हांस अविचाराचें वाटतें. मैला आणि कातडी कमावण्याचें क्रोमियम हे दोन निराळे पदार्थ आहेत. ते एकाच नाल्यांत मिसळले जाणें हा शेतकऱ्याचा अपराध नव्हे. सर्वोच्च न्यायालयानें १९९६ मध्यें टांगरा, तिलजला, तोपसिया येथील चर्मालयें बानतला येथें हलविण्याचा हुकूम दिला, तेव्हां बोट योग्य जागीं ठेवलें गेलें. पिएरलेच्या जमिनीला मात्र तसा हुकूम वेळेवर मिळाला नाहीं. तेथें २०१९ पासून सुमारें दहा लाख झाडांचें नवें अरण्य लावण्याचें काम सुरू झालें.