माउंट वॉशिंग्टन हॉटेल

माउंट वॉशिंग्टन हॉटेल : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील न्यू हॅम्पशर राज्यात, व्हाइट मौंटन्स पर्वतरांगेत ब्रेटन वुड्स येथे असलेले ऐतिहासिक विश्रामस्थान. ईशान्य अमेरिकेतील सर्वोच्च शिखर माउंट वॉशिंग्टन (१,९१७ मी.) हॉटेलच्या पूर्वेस आहे.

कोळसा व रेल्वे व्यवसायात श्रीमंत झालेल्या जोसेफ स्टिकनी यांनी हे हॉटेल बांधले. वास्तुशिल्पी चार्ल्स ॲलिंग गिफर्ड यांनी ते स्पॅनिश प्रबोधनकालीन शैलीत आखले. बांधकामासाठी इटालियन कारागीर आणले होते. पांढऱ्या भिंती, लाल छपरे आणि लांबलचक व्हरांडे असलेली ही वास्तू जुलै १९०२ मध्ये खुली झाली. पूर्व किनाऱ्यावरील शहरांतील धनिक कुटुंबे उन्हाळ्यात आगगाडीने येथे येत आणि नोकरचाकरांसह कित्येक आठवडे राहत.

हॉटेलला जागतिक कीर्ती मिळाली ती दुसऱ्या महायुद्धामुळे. युद्धकाळात बंद असलेले हॉटेल घाईने डागडुजी करून उघडण्यात आले आणि १ ते २२ जुलै १९४४ या काळात तेथे ४४ देशांच्या प्रतिनिधींची चलनविषयक परिषद भरली. जुलैतील वॉशिंग्टन शहराचा उकाडा टाळावा, असा ब्रिटनचे प्रमुख प्रतिनिधी जॉन मेनार्ड केन्स यांचा आग्रह होता. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी व जागतिक बँक यांची रूपरेषा येथेच ठरली. डॉलरचा भाव एका औंस सोन्याला ३५ डॉलर असा धरून इतर चलने त्याच्याशी निगडित झाली. ही व्यवस्था १९७१ मध्ये कोलमडली. दोन्ही संस्था मात्र टिकल्या.

या परिषदेतील भारतीय शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख, आर. के. षण्मुखम् चेट्टी व ए. डी. श्रॉफ होते; नेतृत्व वित्त सदस्य जेरेमी रेझमन यांच्याकडे होते. युद्धखर्चापोटी ब्रिटनकडे साचलेल्या भारताच्या स्टर्लिंग येण्यांचा प्रश्न शिष्टमंडळाने मांडला; तो निधीच्या कक्षेत न घेता दोन देशांनी आपसांत सोडवावा, असे ठरले.

डॉनल्ड रॉस यांनी आखलेले १८ खळग्यांचे गोल्फ मैदान १९१५ पासून वापरात आहे. त्याखेरीज नऊ खळग्यांचे जुने मैदान, स्की-उतार व स्पा आहे. मुळात केवळ उन्हाळ्यात चालणारे हॉटेल १९९९ पासून हिवाळ्यातही खुले असते. १९८६ मध्ये त्यास राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. १९४४ च्या परिषदेतील करारावर सह्या झाल्या ते ‘गोल्ड रूम’ दालन पर्यटकांसाठी जतन केले आहे.