येशूच्या ऐतिहासिकतेचा वाद : याकोबविषयक दोन उल्लेखांचा परामर्श

येशू ही व्यक्ती इतिहासात खरोखर होऊन गेली, की तिचे चरित्र ही आद्य ख्रिस्ती समाजाच्या श्रद्धेने रचिलेली पुराणकथा होय, हा प्रश्न अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये व्होल्ने व द्यूपुई यांनी उपस्थित केला. शुभवर्तमानांची कठोर चिकित्सा करणाऱ्या ब्रूनो बाउअर यास १८४२ साली बॉन विद्यापीठातील अध्यापनाचा अधिकार गमवावा लागला. पुढे त्याने येशूचे अस्तित्वच नाकारले. १९०९ साली आर्थर ड्रेव्ज याने हेच मत ग्रंथरूपाने मांडले व पुढील वर्षी बर्लिन येथे त्यावर जाहीर वादसभा झाली. अलीकडे रिचर्ड कॅरियर याने २०१४ साली या पक्षाचे सविस्तर समर्थन केले आहे. बहुसंख्य संशोधकांनी हा पक्ष स्वीकारलेला नाही; परंतु बहुमत हे प्रमाण नव्हे. म्हणून प्रस्तुत लेखात मूळ साधनांपैकी दोहोंचाच विचार करावयाचा आहे.

ज्या उताऱ्यावर या वादात सर्वाधिक लेखन झाले, तो निर्णायक ठरत नाही. यहुदी इतिहासकार जोसीफस याने इ. स. ९३-९४ च्या सुमारास पूर्ण केलेल्या 'यहुद्यांचा प्राचीन इतिहास' या ग्रंथाच्या अठराव्या खंडात येशू हा ख्रिस्त होता व तिसऱ्या दिवशी पुन्हा जिवंत झाला, असे म्हटलेले आढळते. अखेरपर्यंत यहुदी राहिलेल्या लेखकाने असे लिहिणे संभवत नाही. तिसऱ्या शतकातील ओरिजेन तर जोसीफस येशूला ख्रिस्त मानीत नसे, असे स्पष्ट सांगतो. तेव्हा हा उतारा, निदान त्याचा काही भाग, प्रक्षिप्त आहे यात संशय नाही. त्यात अस्सल गाभा किती, याविषयी मतभेद आहेत.

याहून लहान, परंतु अधिक महत्त्वाचा उल्लेख विसाव्या खंडात आहे. इ. स. ६२ मध्ये रोमन अधिकारी फेस्टस मरण पावला. त्याचा उत्तराधिकारी आल्बिनस येण्यापूर्वी मुख्य याजक अनानस याने न्यायसभा भरविली आणि 'ख्रिस्त म्हटल्या जाणाऱ्या येशूचा भाऊ' याकोब व अन्य काही जण यांस दगडमाराची शिक्षा दिली. या आगळिकीमुळे अनानसास पदच्युत व्हावे लागले. येथे जोसीफसाचे लक्ष अनानसाच्या पदच्युतीकडे आहे. येशूचे नाव केवळ याकोबाची ओळख पटविण्यापुरते येते. स्तुतीचा एकही शब्द नसलेला असा उल्लेख भाविकाने घुसडून काय साधले असते, हे समजणे कठीण आहे.

यावर कॅरियरचा आक्षेप असा की, 'ख्रिस्त म्हटल्या जाणाऱ्या' हे शब्द समासातील टीप असून नकलकाराच्या हातून मजकुरात शिरले. मूळचा येशू म्हणजे अनानसानंतर मुख्य याजक झालेला, दाम्नायसचा पुत्र येशू होय. आक्षेप चतुर आहे. परंतु नवी व्यक्ती प्रथम येताच तिची ओळख देण्याकडे जोसीफसाचा सामान्य कल असतो. येथे मात्र पहिल्या उल्लेखी येशूच्या पित्याचे नाव गाळून ते पुढे दिले, असे मानावे लागते. शिवाय ओरिजेन हेच शब्द जोसीफसाच्या नावे देतो. मात्र याकोबाच्या वधामुळे जेरुसलेमचा नाश झाला, असे जे मत तो जोसीफसाचे म्हणून सांगतो, ते उपलब्ध संहितेत नाही. म्हणून त्याच्या साक्षीवर सर्व भार टाकणे योग्य नव्हे.

दुसरे साधन याहून जुने आहे. पौलाने गलतीकरांस लिहिलेले पत्र इ. स. ५० च्या सुमाराचे, म्हणजे सर्वांत जुन्या शुभवर्तमानाच्याही पूर्वीचे. त्यात, आपण जेरुसलेमास केफाकडे पंधरा दिवस राहिलो व 'प्रभूचा भाऊ' याकोब यासही भेटलो, असे तो देवासमक्ष खरेपणाची ग्वाही देऊन सांगतो. आपली शिकवण कोणा मनुष्याकडून मिळालेली नाही, हे सिद्ध करावयास निघालेल्या पौलाला ही भेट सोयीची नव्हती. तरीही ती त्याने मान्य केली. 'भाऊ' म्हणजे केवळ धर्मबंधू, असा कॅरियरचा अर्थ. परंतु करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल 'प्रभूचे भाऊ' आणि केफा यांचा वेगवेगळा उल्लेख करितो. केफा हा धर्मबंधू नव्हता काय?

एक लेखक संप्रदायाचा प्रचारक, दुसरा त्याविषयी उदासीन यहुदी; एकाने दुसऱ्यापासून घेतले, असे दाखविणारा पुरावा नाही. दोघेही जेरुसलेममधील एकाच माणसाची ओळख एकाच नात्याने देतात. ज्याला सख्खा भाऊ होता, तो केवळ कल्पित देव असणे संभवत नाही.

मात्र या पुराव्याची मर्यादाही तितक्याच काटेकोरपणे पाळिली पाहिजे. त्यावरून येशू नावाचा मनुष्य होता, एवढेच सिद्ध होते. चमत्कार व पुनरुत्थान यांस त्याचा आधार मिळत नाही. श्रद्धाळूने या उल्लेखांतून अधिक काढू नये आणि संशयवाद्याने कथेतील अद्भुताकडे बोट दाखवून व्यक्तीच नाकारू नये. दोन्ही प्रकारांत निष्कर्ष आधी ठरतो आणि साधने मागाहून वाचिली जातात. इतिहाससंशोधनाचा क्रम याच्या उलट आहे.