लीला राव-दयाल
लीला राव-दयाल (जन्म: १९ डिसेंबर १९११) या भारतीय टेनिसपटू, नृत्यविषयक लेखिका आणि संस्कृत नाटककार होत्या. विम्बल्डन स्पर्धेत १९३४ साली एकेरीचा सामना जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. राव या आडनावाच्या जुन्या इंग्रजी लेखनामुळे काही ठिकाणी त्यांचे नाव ‘लीला रो’ असे आढळते.

कौटुंबिक पार्श्वभूमी
लीला या संस्कृत कवयित्री पंडिता क्षमा राव आणि मुंबईतील डॉक्टर राघवेंद्र राव यांच्या कन्या. मातामह शंकर पांडुरंग पंडित हे संस्कृत ग्रंथांचे नामवंत संपादक होते. सायणभाष्यासह अथर्ववेदाचे तसेच तुकारामांच्या गाथेचे संपादन करणाऱ्यांत त्यांचा समावेश होतो. पुण्यात १८९० साली जन्मलेल्या क्षमाबाईंचे पितृछत्र बालपणीच हरपले. तरीही त्यांनी संस्कृतचा अभ्यास नेटाने केला. गांधीजींच्या लढ्यावरील त्यांचे ‘सत्याग्रहगीता’ हे काव्य १९३२ मध्ये पॅरिस येथे प्रसिद्ध झाले. क्षमाबाई स्वतः टेनिस खेळत. त्यामुळे विद्याव्यासंग आणि मैदान हे दोन्ही वारसे लीला यांना आईकडूनच लाभले.

टेनिसचा तत्कालीन काळ
आधुनिक लॉन टेनिस हा व्हिक्टोरियन इंग्लंडमधील उच्चभ्रू वर्गाचा खेळ होता. विम्बल्डनची पहिली स्पर्धा १८७७ मध्ये स्पेन्सर गोर यांनी जिंकली; महिलांची एकेरी स्पर्धा १८८४ मध्ये सुरू झाली आणि मॉड वॉटसन तिच्या पहिल्या विजेत्या ठरल्या. भारतात हा खेळ ब्रिटिश अधिकाऱ्यांबरोबर आला व प्रामुख्याने क्लब आणि जिमखान्यांत वाढला. विम्बल्डन १९६८ पूर्वी केवळ हौशी खेळाडूंसाठी असल्यामुळे तेथे रोख बक्षीस नसे. परदेश प्रवासाचा खर्च पेलणे आणि सरावासाठी मैदान मिळणे या दोन्ही गोष्टी मोजक्याच कुटुंबांना शक्य होत्या. भारतीय स्त्रियांच्या वाट्याला अशी संधी त्याहूनही क्वचित येई.

कारकीर्द
लीला यांनी १९३१ ते १९४३ या काळात अखिल भारतीय स्पर्धेतील महिला एकेरीचे विजेतेपद सात वेळा पटकावले. विम्बल्डनमध्ये १९३४ साली पहिल्या फेरीत त्यांनी ब्रिटनच्या ग्लॅडिस साउथवेल यांना ४–६, १०–८, ६–२ असे नमविले. त्या काळी टायब्रेकरची पद्धत नव्हती. दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत सेट चालूच राही. पहिला सेट गमावल्यानंतर अठरा गेमांचा दुसरा सेट जिंकून त्यांनी सामना फिरविला. दुसऱ्या फेरीत फ्रान्सच्या इडा अदामॉफ यांच्याकडून त्यांचा पराभव झाला. पुढील वर्षी त्या पुन्हा विम्बल्डनमध्ये उतरल्या. मात्र पहिल्याच फेरीत ब्रिटनच्या एव्हलिन डिअरमन यांच्याकडून पराभूत झाल्या.

लेखन व उत्तरायुष्य
त्यांचा विवाह भारतीय सनदी सेवेतील अधिकारी हरीश्वर दयाल यांच्याशी झाला. दयाल पुढे सिक्कीममध्ये राजकीय अधिकारी आणि नेपाळमध्ये भारताचे राजदूत होते. राजदूतपदी असतानाच १९६४ मध्ये नेपाळच्या खुंबू भागात त्यांचे निधन झाले.

लीला यांनी भारतीय शास्त्रीय नृत्याचा अभ्यास करून ‘नृत्तमंजरी’ हा ग्रंथ लिहिला. आईच्या कथांवर आधारित अनेक संस्कृत नाटके त्यांनी रचली. ‘गिरिजायाः प्रतिज्ञा’ हे त्यांपैकी एक होय. विधवांची स्थिती, स्त्रियांवरील अन्याय असे समकालीन प्रश्न या लेखनातून संस्कृत रंगभूमीवर आले.

महत्त्व
सानिया मिर्झाने २००५ मध्ये विम्बल्डन एकेरीत विजय मिळविला, तेव्हा ७१ वर्षांपूर्वीच्या या सामन्याचा उल्लेख पुन्हा होऊ लागला. दरम्यानच्या काळात लीला यांची ओळख क्रीडा-इतिहासात खेळाडू आणि संस्कृत साहित्याच्या इतिहासात नाटककार अशी विभागली गेली होती. प्रत्यक्षात ही दोन्ही कामे एकाच व्यक्तीची आहेत.