पाण्याआधी वाचन

मराठीत अग्निशमनाची भाषा मुळात पाण्याची भाषा आहे. ‘बंब’ हा आपला जुना शब्द पोर्तुगीज ‘बोंबा’, म्हणजे पंप, यावरून आला असे मानले जाते. आगीचा बंब म्हणजे पाणी ओढून आगीवर टाकणारे यंत्र आणि बंबखाना म्हणजे ते यंत्र ठेवण्याची जागा. पाणी आणि धाव या दोन गोष्टींवर या व्यवसायाची सारी प्रतिमा उभी आहे: घंटा वाजते, बंब धावतो, जवान आत शिरतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विषारी द्रवरूप रसायने टाक्यांतून आणि टँकरांतून गावोगाव फिरू लागली, तेव्हा या दोन्ही गोष्टींना मर्यादा पडल्या. पाणी कधी उपायाऐवजी अपाय ठरू लागले. धाव कधी थेट मरणाकडे नेऊ लागली. दोहोंच्या आधी एक तिसरी गोष्ट येऊन बसली, ती म्हणजे वाचन. सांडलेल्या रसायनाशी गाठ पडलेल्या जवानाचे पहिले काम वाचण्याचे असते. या साध्या विधानामागचा इतिहास साहित्याच्या अभ्यासकांनी पाहावा असे आम्हांस वाटते, कारण तो एका संहितेचा, तिच्या लेखकाचा आणि तिच्या वाचकाचा इतिहास आहे.

या इतिहासाचा एक आरंभबिंदू मुंबईतच आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर कापसाच्या गासड्यांना आग लागली. त्याच जहाजात सुमारे चौदाशे टन स्फोटके होती. स्फोटके वाहणाऱ्या जहाजाने लाल निशाण लावावयाचे असा संकेत होता. त्या दिवशी जहाजावर ते निशाण नव्हते. जवान पोचले, आत काय आहे हे त्यांना कळलेही. परंतु ते कळल्यावर काय करावयाचे, याचे उत्तर कोणापाशी नव्हते. जहाज जागच्या जागी बुडवावे की धक्क्यापासून दूर न्यावे, यावर अधिकाऱ्यांत निर्णय होईना. तोवर पाणी मारणे चालूच राहिले. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला, त्यापाठोपाठ दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

ही दुर्घटना रसायनाच्या सांडण्याची नव्हे, हे खरे. परंतु पुढच्या साऱ्या प्रश्नाची मांडणी तिच्यात आहे. धोक्याची खूण दुरून दिसली पाहिजे, ही तिची पहिली शिकवण. दुसरी अधिक महत्त्वाची आहे: नाव कळणे पुरेसे नाही. ‘आत स्फोटके आहेत’ हे वाक्य खरे होते आणि तरीही निरुपयोगी ठरले, कारण त्यात नाम होते, क्रियापद नव्हते.

महायुद्धानंतर रसायन उद्योग वाढला, तसा हा प्रश्न बंदरातून रस्त्यावर आला. उलटलेल्या टँकरमधून वाहणारे द्रव्य आगीसारखे वागत नाही. आग दिसते, तिला सीमा असते. द्रव उताराने पसरतो, गटारात शिरतो, तेथून नदीनाल्याला मिळतो. त्याची वाफ डोळ्यांना दिसतेच असे नाही आणि हवेहून जड असली तर ती खोलगट जागी साठून राहते. त्याच्यावर पाणी मारावे तर तीव्र आम्लासारखे द्रव्य थोड्या पाण्याने खवळते. पेट्रोलसारखे द्रव्य पाण्यावर तरंगत दूरवर जाते. जवानाच्या हातातील नळी येथे संकट विझवील की पसरवील, हे समोरचा पदार्थ कोणता यावर ठरते. आणि समोरचा पदार्थ बहुधा पाण्यासारखाच दिसतो.

संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने धोकादायक मालाच्या वाहतुकीसंबंधी पहिल्या शिफारशी १९५६ साली प्रसिद्ध केल्या. त्या परंपरेतून पदार्थांना चार आकडी क्रमांक मिळाले: पेट्रोल १२०३, सल्फ्युरिक आम्ल १८३०, क्लोरीन १०१७. भाषा कोणतीही असो, पदार्थाचे नाव एकच. आमच्या परिभाषेत सांगावयाचे तर हे सार्वत्रिक नाम झाले. क्रियापद मात्र १९७०च्या दशकात लंडनच्या अग्निशमन दलात घडले. ‘हॅझकेम’ या नावाने ओळखली जाणारी ही संकेतप्रणाली रसायनशास्त्रज्ञासाठी लिहिलेली नाही. घटनास्थळी पोचलेल्या, घाईत असलेल्या, रसायनशास्त्र न शिकलेल्या जवानासाठी ती आहे. १९८१च्या नियमांनी ब्रिटनमध्ये ती रस्त्यावरच्या टँकरांना बंधनकारक झाली.

तिची रचना पाहण्यासारखी आहे. आधी एक आकडा: १ म्हणजे पाण्याचा जाड झोत, २ म्हणजे धुक्यासारखा बारीक फवारा, ३ म्हणजे फेस, ४ म्हणजे कोरडे माध्यम, पाणी मुळीच नाही. लिहिलेल्या आकड्याहून वरचा आकडा चालतो, खालचा चालत नाही. म्हणजे शंका आली तर पाण्यापासून दूर सरकावयाचे. त्यानंतर एक इंग्रजी अक्षर. पी, आर, एस, टी यांपैकी असेल तर सांडलेले द्रव्य भरपूर पाण्याने सौम्य करून वाहू द्यावे. डब्ल्यू, एक्स, वाय, झेड असेल तर बांध घालून अडवावे, गटारात जाऊ देऊ नये. अंगावर संपूर्ण द्रवरोधक पोशाख हवा की श्वसनयंत्र पुरे, पदार्थ हिंसकपणे पेटण्याचा वा स्फोटाचा संभव आहे काय, हेही तेच अक्षर सांगते. शेवटी ‘ई’ असेल तर आसपासची वस्ती हलविण्याचा विचार करावा. आपल्या महामार्गांवर पेट्रोलच्या टँकरमागे ‘३ वाय ई’ अशी अक्षरे दिसतात. ती फोड करून वाचली तर पूर्ण वाक्य मिळते: फेस वापरा, श्वसनयंत्र लावा, स्फोटाला सावध राहा, द्रव अडवा, माणसे हलविण्याचा विचार करा. सल्फ्युरिक आम्लाचे ‘२ पी’ याच्या उलट सांगते: बारीक फवारा वापरा, अंग पूर्ण झाका, सौम्य करून जाऊ द्या. दोन-तीन चिन्हांत एवढा आज्ञार्थ भरलेली दुसरी संहिता आम्हांस ठाऊक नाही. सूत्रवाङ्मयाच्या अल्पाक्षरतेचे कौतुक आपण करतो. येथे ती अल्पाक्षरता जीव वाचविण्याच्या गरजेतून आली आहे.

या वाचनाने शौर्याची कल्पनाही बदलली. आता शिकविले जाते ते असे: वारा पाठीवर घेऊन, चढाच्या बाजूने जा, दूर थांबा, जरूर तर दुर्बिणीतून फलक वाचा, ओळख पटल्याशिवाय द्रवात पाऊल टाकू नका, घटनास्थळाचे लाल, पिवळा, हिरवा असे पट्टे आखा आणि आतून येणाऱ्याला, तो सहकारी असला तरी, धुतल्याशिवाय बाहेर सोडू नका. धावत आत शिरण्याचे संस्कार झालेल्या माणसाला समोर कोणी पडलेले दिसत असता थांबावयास सांगणे हे सोपे नाही. बाहेरच्या गर्दीला ते भित्रेपणाचे वाटते. पण न वाचता आत गेलेला जवान दुसऱ्या जखमीखेरीज काही होऊ शकत नाही.

वाचावयास काहीच दिले नाही तर काय होते, याचे उत्तर भोपाळने दिले. २ आणि ३ डिसेंबर १९८४च्या दरम्यानच्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील ६१० क्रमांकाच्या टाकीत, सुमारे चाळीस टन द्रवरूप मिथिल आयसोसायनेटमध्ये, पाणी शिरले. हे द्रव्य ३९ अंश सेल्सिअसलाच उकळते. आतील तापमान आणि दाब वाढत गेले आणि विष उंच नळीतून बाहेर पडले. कारखान्यातील जवानांनी पाण्याचे झोत वर सोडले. ते नळीच्या तोंडापर्यंत पोचले नाहीत. तोंडावर ओले फडके धरले असते तर पुष्कळांचा त्रास कमी झाला असता, हे पुढे वारंवार सांगितले गेले, कारण या वायूची पाण्याशी क्रिया होते. टाकीत जे पाणी घातक ठरले तेच फडक्यावर तारक ठरले असते. पण हे वस्तीला कोणी सांगितले नव्हते. इस्पितळांना नेमके विष कोणते हे वेळेवर कळले नाही. कंपनीच्या तांत्रिक पुस्तिकेत हे द्रव्य श्वासावाटे घातक असल्याची नोंद होती. म्हणजे मजकूर अस्तित्वात होता. तो इंग्रजीत होता, कंपनीच्या कपाटात होता, आणि ज्यांना त्या रात्री श्वास घ्यावयाचा होता त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता. भोपाळची शोकांतिका यंत्रांच्या अपयशाची आहे तशीच अडवून ठेवलेल्या संहितेचीही आहे.

त्यानंतर भारतात कायद्यांची मालिका आली: १९८६चा पर्यावरण (संरक्षण) कायदा, १९८७ची कारखाने कायद्यातील दुरुस्ती, १९८९चे धोकादायक रसायनांसंबंधीचे नियम, १९९६चे रासायनिक अपघातविषयक नियम. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी टँकरवरील आपत्कालीन माहितीफलकाचा मजकूरही ठरवून दिला: पदार्थाचे अचूक तांत्रिक नाव, संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक, धोक्याचे चिन्ह, तातडीच्या सेवेचा दूरध्वनी आणि माल पाठविणाऱ्याचे नाव व दूरध्वनी. अशा वाहनाच्या चालकाला एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यावी, असेही त्यांत आहे. लेखकाच्या मृत्यूची चर्चा आपल्या वर्गांतून गेली अनेक वर्षे चालू आहे. या फलकापुढे ती क्षणभर थांबवावी लागते. येथे लेखक जिवंत असावा लागतो, रात्री दोन वाजता दूरध्वनीवर सापडावा लागतो आणि आपण लिहिलेल्या प्रत्येक अक्षराला बांधील असावा लागतो.

तो नसला म्हणजे काय होते हे १४ जुलै २०१० रोजी शिवडीच्या हाजी बंदरात दिसले. १९९७पासून पडून राहिलेल्या, कोणी हक्क न सांगितलेल्या क्लोरीनच्या टाक्यांपैकी एक गळू लागली आणि शंभराहून अधिक माणसे आजारी पडली. माल होता, मालक नव्हता. चीनमधील तियानजिन बंदरात १२ ऑगस्ट २०१५ रोजी रासायनिक गोदामाला लागलेली आग विझविण्यास जवान गेले, तेव्हा आत काय आणि किती साठविले आहे हे त्यांना नीट ठाऊक नव्हते. मृत व बेपत्ता मिळून १७३ जणांत शंभराहून अधिक अग्निशमन जवान होते. नियम असूनही फलक खोटा, पुसट किंवा कोराच असू शकतो. आणि जवान तो खरा धरूनच पुढे जातो, कारण त्याला दुसरा मार्ग नसतो.

संहितेच्या अनेकार्थतेवर प्रेम करावयास आपण विद्यार्थ्यांना शिकवितो आणि ते योग्यच आहे. परंतु जगात असेही लेखन आहे की ज्यात दुसऱ्या अर्थाला जागा ठेवणे हा अपराध ठरतो. ते बहुधा निनावी असते, पत्र्यावर रंगविलेले असते, आणि त्याचा खरा वाचक त्याला आयुष्यात एखाद्याच वेळी, धुराआडून, काही क्षणांसाठी वाचतो. त्याच्यावर विश्वास ठेवून तो आत पाऊल टाकतो. लेखनाच्या प्रामाणिकपणाविषयी आपण जेवढे बोलतो, त्यातील थोडे तरी या वाचकाला स्मरून बोलले जावे.