आरसीवरचं साल

‘सिंगल ओनर, कमी चाललेली, शोरूम कंडिशन.’ सेकंडहँड स्पोर्ट्स बाइकची कुठलीही जाहिरात उघडा, हे शब्द असतातच. दोन गाड्या मनात भरल्या की आपण त्यांचे आकडे शेजारी-शेजारी मांडतो. सीसी किती, पॉवर किती, टॉप स्पीड किती, अ‍ॅव्हरेज किती. पण आरसीवर छापलेला एक आकडा या सगळ्यांपेक्षा जास्त सांगून जातो, आणि तो म्हणजे गाडी कुठल्या सालात बनली.

आपल्याकडच्या छोट्या स्पोर्ट्स बाइकचा इतिहास बराचसा सरकारी नियमांनी घडवला आहे. नियम बदलला की गाडी बदलली, नाव मात्र तेच राहिलं. त्यामुळे एकाच नावाच्या दोन गाड्यांमध्ये एखाद्या वर्षाचा फरक असला, तरी त्या वेगळ्या गाड्या असू शकतात.

शोरूममध्ये पडली, बाजारात चढली

१९८३ साली एस्कॉर्ट्सने यामाहाची आरडी ३५० इथे ‘राजदूत ३५०’ म्हणून आणली. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सहा गिअर. त्या काळात आपल्या रस्त्यांवर एवढी वेगवान मोटारसायकल दुसरी नव्हती. पण ती पेट्रोल प्यायची, महाग होती, आणि तिच्या ताकदीच्या मानाने ब्रेक कमी पडायचे. दशक संपता संपता उत्पादन थांबलं. ज्या गाडीला शोरूममध्ये पुरेसं गिऱ्हाईक मिळालं नाही, तिच्यासाठी आज शौकीन लोक रांगेत असतात.

त्याच दशकात सरकारने १०० सीसीपर्यंतच्या दुचाकींसाठी परदेशी कंपन्यांना दार उघडलं. १९८५ मध्ये यामाहा आरएक्स १०० आली. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, वजन शंभर किलोच्या जरा वर. कागदावर हे आकडे आज कुणाला हसू आणतील. पण हलकी गाडी आणि टू-स्ट्रोकचा पिकअप यांचं गणित असं जमलं की कॉलेजांपासून सोनसाखळीचोरांपर्यंत सगळ्यांनी ती आपली मानली. १९९६ ला ती बंद झाली. २००० साली धुराचे नियम कडक झाले आणि एकेक करत टू-स्ट्रोक मोटारसायकली शोरूममधून गेल्या. चांगली राखलेली आरएक्स आज लाखाच्या पुढे विकली जाते. ही किंमत गाडीच्या कामगिरीची म्हणण्यापेक्षा आठवणीची आणि दुर्मिळपणाची आहे. रोज कामावर जायला गाडी हवी असेल, तर हा फरक खिशाला ओळखता आला पाहिजे.

फेअरिंगखाली नेमकं काय आहे?

फोर-स्ट्रोकच्या जमान्यात १९९९ ला हिरो होंडाची सीबीझी आली, २००१ ला बजाजची पल्सर १५० आणि १८०, तर २००३ ला करिझ्मा. २२३ सीसीच्या करिझ्मावर हाफ फेअरिंग होतं आणि जाहिरातीत हृतिक रोशन. इथपर्यंत ‘स्पोर्ट्स’ म्हणजे मोठं इंजिन आणि आकर्षक रूप असा हिशेब होता.

२००८ मध्ये यामाहा आर१५ आली आणि हिशेब बदलला. इंजिन फक्त १५० सीसीचं, पण लिक्विड कूलिंग, चार व्हॉल्व्ह, फ्युएल इंजेक्शन, सहा गिअर आणि रेसच्या गाड्यांसारखी डेल्टाबॉक्स फ्रेम. ताकद साधारण १७ पीएस, म्हणजे २२३ सीसीच्या करिझ्माइतकीच. वळणावर ती जशी झुकायची, तशी त्या किमतीतली दुसरी कुठलीच गाडी झुकत नव्हती. सीसी मोजून गाडीची तुलना करायची सवय तिथून चुकीची ठरायला लागली.

२००९ ला बजाजने कावासाकी निन्जा २५०आर इथे जोडून विकायला सुरुवात केली. किंमत पावणेतीन लाखांच्या आसपास. २०११ ला होंडाची सीबीआर २५०आर आली. सिलिंडर एकच, पण एबीएसचा पर्याय असलेली. आणि २०१२ च्या जानेवारीत पुण्याजवळच्या चाकणमध्ये बनलेली केटीएम ड्यूक २०० आली. २५ पीएस आणि किंमत १ लाख १७ हजार. पुढच्याच वर्षी ड्यूक ३९० आली, ४३ पीएसची. ऑस्ट्रियन नावाची गाडी चाकणमध्ये बनत होती आणि तिथूनच परदेशीही जात होती.

या सगळ्या गाड्या आज सेकंडहँड बाजारात एकमेकींशेजारी उभ्या असतात. २०१० ची निन्जा आणि नव्यासारखी आर१५ एकाच किमतीत दिसू शकतात. निन्जाचा दोन सिलिंडरचा आवाज मन ओढतो. पण बजाज आणि कावासाकीची भागीदारी २०१७ ला संपली. त्यामुळे घ्यायच्या आधी जवळच्या कावासाकी सर्व्हिस सेंटरला फोन करून क्लच प्लेट, चेनसेट आणि फेअरिंगच्या पॅनेलची किंमत विचारावी. तो एक फोन दहा रिव्ह्यूंपेक्षा उपयोगी पडतो.

तीच गाडी, वेगळे ब्रेक

आता सालाचा खरा मुद्दा. १२५ सीसीच्या वरच्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं ते दोन टप्प्यांत. नवीन मॉडेलना १ एप्रिल २०१८ पासून, आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलना १ एप्रिल २०१९ पासून.

आर१५ ची तिसरी आवृत्ती, म्हणजे व्ही३, २०१८ च्या फेब्रुवारीत आली. १५५ सीसी, १९.३ पीएस, स्लिपर क्लच. एबीएस मात्र नव्हतं. ते २०१९ च्या सुरुवातीला आलं, पुढच्या-मागच्या दोन्ही चाकांना. त्याच वर्षाच्या शेवटी बीएस-६ इंजिन आलं आणि ताकद १८.६ पीएसवर उतरली. म्हणजे ‘आर१५ व्ही३’ या एकाच नावाखाली तीन गाड्या आहेत. सगळ्यांत स्वस्त बहुधा पहिली मिळेल. पावसाळ्यात घाटात पुढचा ब्रेक घाईने दाबला गेला, की वाचवलेले चार पैसे कुठे वाचवले ते कळतं.

बीएस-३ ची गोष्टही अशीच. सुप्रीम कोर्टाने मार्च २०१७ च्या अखेरीस निकाल दिला की १ एप्रिलपासून बीएस-३ गाड्या विकता येणार नाहीत. शेवटच्या दोन दिवसांत शोरूमबाहेर झुंबड उडाली आणि गाड्या हजारोंच्या सवलतीत गेल्या. मार्च २०१७ ची पासिंग असलेली गाडी कुणी विकत असेल, तर त्याने ती कदाचित बरीच स्वस्तात घेतली होती. भाव करताना हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

शिवाय आरसीची मुदत १५ वर्षांची. पहिल्या पिढीच्या आर१५ आणि निन्जा आता ती मुदत ओलांडत आहेत. त्यापुढे तपासणी, पुन्हा नोंदणी आणि पर्यावरण कर आला. हा खर्च आणि हेलपाटे किमतीतून वजा करूनच बोलणी सुरू करावीत.

गाडी गेली, नाव राहिलं

विकणाऱ्यासाठीही एक साल महत्त्वाचं आहे, २०१८. त्या वर्षी सुप्रीम कोर्टापुढे एका अपघाताचा खटला होता. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे विकली गेली होती, पण आरसीवर नाव पहिल्याच मालकाचं होतं. कोर्टाने सांगितलं की कायद्याच्या नजरेत मालक तोच, आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच.

स्पोर्ट्स बाइकच्या बाबतीत हे जास्त टोचणारं आहे. ती बहुतेकदा विशी-बाविशीतला मुलगा दुसऱ्या तशाच मुलाला विकतो. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होतात, पैसे मिळतात, आणि ‘ट्रान्सफर मी करून घेतो, दादा’ यावर विषय संपतो. पुढे चलन येतं ते जुन्या मालकाच्या मोबाइलवर, आणि अपघात झाला तर नोटीसही त्याच्याच घरी. कायद्याप्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री असेल, तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. कर्जावर घेतलेली गाडी असेल, तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ आधी हातात हवं.

म्हणून दोघांनाही सांगण्यासारखं एकच. घेणाऱ्याने आधी आरसीवरचं साल वाचावं, मग पॉवरचा आकडा. विकणाऱ्याने पूर्ण पैसे मोजून घ्यावेत, पण आरसीवर नवं नाव चढेपर्यंत गाडी आपलीच आहे असं समजून मागे लागावं. चावी दिल्याने ती दुसऱ्याची होत नाही.