समुद्राकडे जाणारी वाट : चांदा ते सिरोंचा

समुद्रकाठी जन्मलेल्या माणसाची एक खोड असते. सहलीला निघायचे म्हटले की त्याची पावले पुन्हा समुद्राकडेच वळतात. अर्नाळा, कोर्लई, जंजिरा, सिंधुदुर्ग, फार तर गोव्याचा आग्वाद, अशी आपल्या कुटुंबांच्या सहलींची ठरलेली यादी आहे. त्यात वावगे काही नाही. १५३४ च्या तहाने पोर्तुगीजांकडे गेलेली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी जिंकून घेतलेली वसई ज्यांच्या अंगणात आहे, त्यांना किल्ल्याचा दगड घरच्यासारखा वाटणारच. परंतु या जवळिकीतून एक गैरसमज नकळत रुजतो. इतिहास गलबतातून येतो, किनाऱ्यावर उतरतो आणि तिथेच वस्ती करतो, असे आपण धरून चालतो. मग रानावनाला इतिहास नसतोच, असेही मानून टाकतो.

हा समज पारखून पाहावा, या हेतूने गेल्या हिवाळ्यात आम्ही धर्मग्रामातील काही कुटुंबांसह चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांची वाट धरली. निघण्यापूर्वी एका माउलीने विचारले, “फादर, इतक्या लांब जायचे आणि समुद्र नाही; मग मुलांना दाखवायचे काय?” प्रश्न रास्त होता. नागपूरपर्यंत रेल्वे आणि पुढे भाड्याच्या गाड्या, अशा त्या चार दिवसांत आम्हांला जे गवसले ते वाचकांपुढे ठेवतो. समुद्र तेथे नाही, हे खरे. परंतु एका काळी त्या अरण्याचे सारे भवितव्य समुद्राच्या नावाने ठरवले जात होते.

नागपूरहून दक्षिणेकडे येताना वरोरा लागते. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये स्थापन केलेले आनंदवन येथलेच. पुढे भद्रावतीला विजासन टेकडीत कोरलेली बौद्ध लेणी आहेत. खडकात सरळ आत शिरणारा लांब बोळ आणि त्याच्या टोकाला बुद्धमूर्ती. आत दिवस मावळल्यासारखा काळोख असतो. मुले तेथे आपसूक गप्प झाली. ज्या प्रदेशाला आपण आडरान म्हणतो, तेथे भिक्षूंचे मठ नांदत होते, याची ती पहिली साक्ष.

चंद्रपूर, म्हणजे जुना चांदा, ही गोंड राजांची राजधानी. खांडक्या बल्लाळशहाने बल्लारपुराहून येऊन हे नगर वसवले, अशी परंपरा सांगते. सुमारे अकरा किलोमीटरचा परकोट, जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर असे चार दरवाजे आणि त्यांखेरीज पाच खिडक्या अशी या नगराची तटबंदी आहे. दरवाजांवर हत्तीला नमविणाऱ्या सिंहाचे शिल्प दिसते. ते गोंड सत्तेचे चिन्ह. अंचलेश्वर दरवाजाजवळ राजा बीरशहाची समाधी आहे. पतीच्या मागे राज्य सांभाळणाऱ्या राणी हिराईने अठराव्या शतकाच्या आरंभी ती बांधविली. महाकालीच्या मंदिराशीही तिचेच नाव जोडलेले आहे. एका आदिवासी घराण्याच्या विधवा राणीने राज्य राखावे आणि नगर सजवावे, ही गोष्ट आमच्यासोबतच्या मुलींनी विशेष लक्ष देऊन ऐकली. याच परकोटावरील झाडोरा आणि माती हटविण्याचे काम इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी २०१७ पासून श्रमदानाने केले. वसईच्या किल्ल्यातील झुडपे पाहण्याची सवय असलेल्या आपल्या तरुणांनी या उदाहरणाचा विचार करावा.

१७५१ मध्ये चांदा नागपूरकर भोसल्यांकडे गेले. १८१८ मध्ये इंग्रजांनी तो किल्ला जिंकला आणि तिसरे रघुजी भोसले निपुत्रिक वारल्यावर १८५४ मध्ये सारे राज्यच खालसा केले. इथून या प्रदेशाचा नकाशा बदलू लागतो. आणि आमच्या मते तो नकाशा समुद्राकडून काढला गेला.

तो कसा, हे समजण्यासाठी नद्यांकडे पाहिले पाहिजे. वर्धा आणि वैनगंगा यांचा संगम चपराळ्याच्या रानात होतो. तेथून पुढे त्या प्रवाहाला प्राणहिता म्हणतात. प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. गोदावरी त्र्यंबकेश्वरी, अरबी समुद्रापासून अवघ्या ऐंशी किलोमीटरवर उगम पावते. पण पाठ फिरवून चौदाशे पासष्ट किलोमीटर चालत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. म्हणजे गडचिरोलीच्या रानात पडलेला पाऊस आंध्रच्या किनाऱ्याला जातो.

ही गोष्ट सर आर्थर कॉटन या अभियंत्याच्या मनात भरली. १८४७ ते १८५२ या काळात धवळेश्वरम येथे गोदावरीवर बंधारा बांधून त्यांनी त्या त्रिभुज प्रदेशाची शेती पालटली होती. हीच नदी वरपर्यंत नौकांसाठी मोकळी केली तर वऱ्हाड आणि हिंगणघाटचा कापूस थेट पूर्व किनाऱ्यावर उतरेल, असा त्यांचा हिशोब होता. हेग नावाच्या अभियंत्याने पाहणी करून १८५६ मध्ये अहवाल दिला. मार्गात खडकांचे तीन मोठे अडथळे होते : पहिला दुम्मागुडेमचा, दुसरा इचमपल्लीचा आणि तिसरा प्राणहितेवरील देवलमरीचा. प्रत्येक ठिकाणी बंधारा, बाजूने कालवा आणि नौका चढविण्या-उतरविण्यासाठी दारे, अशी ती योजना होती. १८६० मध्ये निजामाकडून गोदावरीच्या डाव्या तीराचा मुलूख घेऊन अप्पर गोदावरी जिल्हा करण्यात आला आणि त्याचे मुख्य ठाणे सिरोंचा झाले. आज गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला असलेले हे गाव त्या काळी भावी जलमार्गावरचे महत्त्वाचे ठिकाण ठरू पाहत होते.

हा अहवाल आणि हे काम यांच्यामध्ये १८५८ चे वर्ष येते. मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबूराव शेडमाके यांनी गोंड, माडिया आणि इतरांची फौज उभी करून इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले. २९ एप्रिल १८५८ रोजी प्राणहितेच्या काठी चिंचगुंडी येथे तारखात्याच्या छावणीवर हल्ला झाला. गार्टलँड आणि हॉल हे दोघे इंग्रज त्यात मारले गेले. नदीच्या काठाने आधी तार आली, मागून नौका येणार होत्या, आणि त्या काठावर राहणाऱ्यांनी दिलेले हे उत्तर होते. त्यातील रक्तपाताचे समर्थन एक धर्मगुरू म्हणून आम्ही करणार नाही. परंतु त्यामागचे दुःख समजून न घेता पुढे जाणे हाही अन्यायच होईल. अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्या साहाय्याने बाबूराव पकडले गेले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आले.

चंद्रपूरहून सिरोंच्याकडे जाताना आष्टीवरून थोडी वाट वाकडी केली की चामोर्शीजवळ वैनगंगेच्या काठी मार्कंडा आहे. येथे नदी उत्तरेकडे वळते म्हणून स्थान पवित्र मानले जाते. महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅम यांनी एकोणिसाव्या शतकातच या मंदिरसमूहाची सविस्तर नोंद केली. मुख्य मंदिरावर पूर्वी वीज कोसळली होती, तरीही भिंतींवरील शिल्पांच्या रांगा पाहून मन थक्क होते. एवढे शिल्पी, एवढा खर्च आणि एवढे भाविक या तीरावर कोठून आले? नदीची वाट तेव्हाही वापरात असल्यावाचून हे घडणे कठीण.

पुढे आलापल्लीचे सागवान. तेथील ‘वनवैभव’ हा राखून ठेवलेला जंगलाचा तुकडा २०१४ मध्ये महाराष्ट्राचे पहिले जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित झाला. वर पाहता मान दुखावी अशी ती झाडे. तेथून सिरोंचा सुमारे शंभर किलोमीटर. मधल्या रानात घरे विरळ, माणसे मितभाषी आणि चहाच्या टपरीवर मराठी, गोंडी व तेलुगू या तिन्ही भाषा एकाच बाकावर बसलेल्या.

सिरोंच्याच्या परिसरातील कोटा या लहानशा गावाचे नाव जगभरच्या भूशास्त्रज्ञांना ठाऊक आहे. येथील खडकांतील माशांचे जीवाश्म एकोणिसाव्या शतकातच सापडले. पलीकडच्या तीरावर सापडलेल्या महाकाय डायनासोरला १९७५ मध्ये रवींद्रनाथांच्या स्मरणार्थ ‘बारापासॉरस टागोराय’ हे नाव मिळाले. त्याचा सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. या जीवाश्मांच्या अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांत स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी होते. १८४५ मध्ये ते नागपूरला आले. शाळा चालवता चालवता त्यांनी दगड गोळा केले आणि गोंडांच्या चालीरीती व कथा कागदावर उतरविल्या. १८६३ मध्ये पूर आलेल्या नदीत बुडून त्यांचा अंत झाला. ते आपल्या पंथाचे नव्हते. पण ज्या लोकांत राहायचे त्यांची भाषा आधी ऐकायची, हा त्यांचा धडा सर्वांना लागू आहे.

आपल्या पवित्र सभेची वाटही या बाजूला समुद्राकडूनच आली. नागपूरचा मुलूख एकोणिसाव्या शतकात विशाखापट्टणमच्या मिशन क्षेत्रात मोडत होता आणि तेथे फ्रान्सिस द सेल्सच्या संघाचे मिशनरी काम करीत. १८८७ मध्ये नागपूरचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. १९६२ मध्ये चांद्याचे क्षेत्र केरळच्या सिरो-मलबार सभेकडे सोपविण्यात आले आणि १९७७ मध्ये तेथे बल्लारपूर हे केंद्र असलेला चांदा धर्मप्रांत स्थापन झाला. उपासनेची रीत वेगळी, पण भाकर एकच, हे आमच्या कुटुंबांनी तेथे अनुभवले.

आता त्या जलमार्गाचे काय झाले, ते सांगितले पाहिजे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात भारतीय कापसाला भाव चढला तेव्हा योजनेला जोर होता. मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल तिचे पाठीराखे होते. परंतु १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोहोचली, १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि कापसाने पश्चिमेचा रस्ता धरला. नदी वर्षातून काही महिनेच नौका पेलणारी, खडक कठीण आणि तीरावर हिवतापाचे राज्य. १८७१ मध्ये काम थांबले. दुम्मागुडेमचा बंधारा मागे राहिला; सिरोंचा पुन्हा दूर गेले.

नदी मात्र योजनांच्या नजरेतून सुटली नाही. सिरोंच्याच्या खाली गोदावरीवर तेलंगणाने बांधलेल्या मेडिगड्डा बंधाऱ्याचे उद्घाटन जून २०१९ मध्ये झाले. फुगवट्याचे पाणी शेतात शिरते, ही सिरोंचा तालुक्यातील शेतकऱ्यांची तक्रार तेव्हापासूनची. ऑक्टोबर २०२३ मध्ये बंधाऱ्याचे काही खांब खचले. शतक बदलले, सरकार बदलले. ज्यांच्या दारात पाणी येते त्यांचा शब्द शेवटी ऐकण्याची रीत बदलली नाही.

पण याच जिल्ह्यात उलट उदाहरणही आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे देशातील पहिल्या गावांपैकी एक, ज्याला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तेथे निर्णय ग्रामसभा करते, आणि सर्वांचे एकमत होईपर्यंत चर्चा थांबत नाही.

हे सारे आपण किनाऱ्यावरच्यांनी का वाचावे? कारण हा प्रश्न आपल्याही दारात उभा राहिलेला आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईसाठी लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा त्यांची मागणी हीच होती की आमच्या विहिरी आणि वाड्या कोणाच्या नकाशात कशा दाखवल्या आहेत, हे आम्हांला विचारा. २०२४ मध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली, तेव्हा डहाणूच्या मच्छीमारांचे म्हणणेही वेगळे नव्हते. प्राणहितेच्या तीरावरचा गोंड शेतकरी आणि समुद्रकाठचा कोळी एकमेकांना ओळखत नाहीत. पण त्यांचे गाऱ्हाणे एकच आहे.

म्हणून वाचक बंधुभगिनींनो, पुढील सुट्टीत किनाऱ्यावरचे किल्ले अवश्य पाहा, परंतु एकदा तरी चांद्याची वाट धरा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस बरे. मुलांना परकोट दाखवा, मार्कंडा दाखवा, सिरोंच्याला संगमावर उभे करा आणि त्र्यंबकचे पाणी तेथून कोठे जाते ते सांगा. वाटेत टपरीवर थांबाल तेव्हा शेजारी बसलेल्या माणसाला त्याच्या गावाचे नाव विचारा आणि तो जे सांगेल ते शेवटपर्यंत ऐका. त्या प्रदेशाचा पुष्कळसा इतिहास अजून कोणी लिहून घेतलेला नाही.