नख मोडणारा चाकू

घडीचा चाकू उघडताना अंगठ्याचं नख एकदाही दुखावलं नाही, असा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. पात्यावर एक बारीकशी खाच असते, तिच्यात नख अडकवायचं, ओढायचं, आणि पातं ढिम्म हलत नाही. मग दातओठ खाऊन जोर लावायचा. बरं, एवढ्या शतकांत कुणालाच हे सोपं करावंसं वाटलं नसेल का? वाटलं होतं की! आणि त्याची गोष्ट थेट पोलीस स्टेशनपर्यंत जाते.

आधी आतली भानगड समजून घेऊ. या जातीच्या चाकूला स्लिपजॉइंट म्हणतात. यात लॉक नसतं. मुठीच्या पाठीला पोलादाची एक सपाट पट्टी असते, तीच स्प्रिंग. पात्याच्या बुडाला कोपरे असतात. पातं फिरवलं की कोपरा स्प्रिंगला वर उचलतो, आणि तो पलीकडे गेला की स्प्रिंग खटकन खाली बसते. उघडलेलं पातं जागेवर राहतं ते फक्त या दाबामुळे. म्हणजे ज्या जोरामुळे तुमचं नख जातं, तोच जोर तुमचं बोट वाचवतो. पुढचं सगळं या एका भांडणाबद्दल आहे.

घडीचे चाकू स्प्रिंगपेक्षा खूप जुने. ऑस्ट्रियात हॉलस्टाटला अडीच हजार वर्षांपूर्वीचा सापडलाय, रोमन लोकांकडेही होते. हे सगळे नुसत्या घर्षणावर चालायचे. घर्षणाचा त्रास असा की ते हवामान बघून वागतं. फ्रान्सच्या साव्वा भागात जोसेफ ओपिनेलने 1890 मध्ये लाकडी मुठीचा स्वस्त, साधा चाकू काढला, तो आजही मिळतो. पाऊस लागला की लाकूड फुगतं आणि पातं आत गच्च बसतं. यावर तिथल्या लोकांचा उपाय मस्त आहे: मुठीचं मागचं टोक टेबलावर ठकठक आपटायचं, पातं आपोआप जरासं बाहेर डोकावतं. या युक्तीला तिथे चक्क 'साव्वावाल्याचा ठोका' म्हणतात. घसरून बंद होऊ नये म्हणून त्यावर फिरणारी लॉकची कडी आली ती 1955 मध्ये.

पाठीची स्प्रिंग साधारण सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये शेफील्डला रुळली असं मानतात. शेफील्ड म्हणजे चाकूंचं गाव. चौदाव्या शतकाच्या शेवटी चॉसरने आपल्या गोष्टीतल्या गिरणीवाल्याच्या मोज्यात खोचलेला चाकूसुद्धा शेफील्डचाच दाखवलाय. पुढे हंसाच्या पिसाचे टाक तासायला छोटे चाकू लागायचे, म्हणून इंग्रजीत 'पेननाईफ'. (आपल्याकडेही मोडी लिहिणारे कारकून बोरू तासायचेच. चाकू आणि लेखणी ही जोडी जगभर.) टाकाचं टोक सारखं झिजतं, म्हणजे चाकू दिवसातून कितीतरी वेळा उघडायचा. अशा चाकूला हलकी स्प्रिंग लागते. उलट खलाशाचा किंवा शेतकऱ्याचा चाकू मोठा, जोर लावून कापायचा, त्याची स्प्रिंग जाड. तेव्हा 'कडक की सैल' हा प्रश्न आधी 'कुणासाठी' असा होता.

शेफील्डमध्ये हे काम करणारे 'लिटल मेस्टर' म्हणजे भाड्याच्या छोट्या खोलीत स्वतंत्रपणे काम करणारे कारागीर. त्यांच्यातले शेवटचे नामांकित स्टॅन शॉ, 1941 पासून या धंद्यात होते आणि 2021 मध्ये वारले. चाकू उघडताना आणि मिटताना हाताला जाणवणारी चाल आणि होणारा आवाज, याला तिथे 'वॉक अँड टॉक' म्हणतात. चाकू नीट चालला पाहिजे आणि बोलला पाहिजे! प्रॉडक्टच्या क्वालिटीची इतकी छान व्याख्या आमच्या एकाही रिव्ह्यू मीटिंगमध्ये मी ऐकलेली नाही.

स्वित्झर्लंडच्या कार्ल एल्सनरने 1897 मध्ये ऑफिसर चाकूचं पेटंट घेतलं, त्यातही खरी गंमत स्प्रिंगची होती. एकाच स्प्रिंगवर दोन्ही बाजूंची हत्यारं बसवली, त्यामुळे चाकू हलका राहिला. अमेरिकन कारखान्यांनी वेगळाच रस्ता काढला. मुठीच्या कडेला अर्धगोल खाच पाडली, की पातं नखाऐवजी चिमटीत धरता येतं. कॅटलॉगमध्ये हे 'ईझी ओपनर' नावाने विकले जात. मला हा उपाय सगळ्यात शहाणपणाचा वाटतो, कारण यात स्प्रिंगला हातच लावलेला नाही. जोर तेवढाच, फक्त पकड बदलली.

ज्यांच्याकडे आधीच कडक चाकू आहे ते लोक घरी काय करतात? पहिलं म्हणजे धुणं. सांध्यात खिशातला कापूस आणि वाळलेलं तेल अडकलेलं असतं. कोमट साबणाचं पाणी, नीट सुकवणं, एक थेंब तेल, आणि टीव्ही बघत शंभर-दोनशे वेळा उघडमीट. निम्मे चाकू एवढ्यावरच सुधारतात. त्यानंतरची पायरी म्हणजे वरची ईझी ओपनरची खाच कानशीने स्वतः पाडणं. स्प्रिंग घासून पातळ करणं ही शेवटची पायरी, आणि इथे आपलं सेकंड इयरचं स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स आठवायचं. पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो. जाडी 10 टक्के कमी केली की ताठपणा 27 टक्के उतरतो. 20 टक्के कमी केली तर जवळजवळ निम्मा गायब! वर ग्राइंडरने घासताना पट्टी तापली तर पोलादाचं पाणीच उतरतं, मग ती स्प्रिंग राहत नाही, नुसती पट्टी होते. आणि गेलेली जाडी परत येत नाही, इथे अनडू नाही. सैल झालेलं पातं मिटतं ते मुठीवरच्या चार बोटांवर, हे लक्षात असू द्या.

आता पोलीस स्टेशन. सहज उघडणारा चाकू म्हणजे गुंडाचा चाकू, ही समजूत विसाव्या शतकाच्या मध्यात कायद्यात शिरली. अमेरिकेत 1958 मध्ये बटणाच्या चाकूंवर केंद्रीय कायदा आला, ब्रिटनमध्ये 1959 मध्ये. न्यूयॉर्क राज्यात 'ग्रॅव्हिटी नाईफ'ही बेकायदा होता, म्हणजे गुरुत्वाकर्षणाने किंवा झटक्याने उघडून लॉक होणारा. पोलिसांची परीक्षा काय, तर मनगटाचा झटका. पोलिसाने झटका मारल्यावर उघडला की तुम्ही गुन्हेगार. दुकानात राजरोस मिळणारा साधा लॉकचा चाकू वापरून वापरून सैल झाला, तरी या परीक्षेत सापडायचा. हजारो लोक पकडले गेले. त्यात कामावर जाणारे रंगारी, सुतार, इलेक्ट्रिशियन असे लोक होते, आणि मुख्यतः कृष्णवर्णीय आणि लॅटिनो. एखाद्याचा झटका जमतो आणि दुसऱ्याचा जमत नाही, मग गुन्हा चाकूत आहे की पोलिसाच्या मनगटात? मार्च 2019 मध्ये एका फेडरल न्यायाधीशाने हे कलम याच कारणाने घटनाबाह्य ठरवलं आणि मे 2019 मध्ये राज्याने ते काढून टाकलं.

आपला बिचारा स्लिपजॉइंट या जाळ्यात बसत नव्हता, कारण तो लॉकच होत नाही. ब्रिटनमध्ये तर 1988 च्या कायद्याने तीन इंचांपर्यंत धार असलेला घडीचा चाकू विनाकारणही खिशात ठेवायला परवानगी आहे, पण पुढे कोर्टाने सांगितलं की लॉक होणारा चाकू या सवलतीत येत नाही. त्यामुळे तिथल्या गिऱ्हाइकासाठी कंपन्या या शतकातही नवे स्लिपजॉइंट काढतात. कोलोराडोच्या स्पायडर्कोने तर खास 'यूके पेननाईफ' काढला. त्यात पाठीची स्प्रिंग आहे, लॉक नाही, आणि नखाच्या खाचेऐवजी पात्याला अंगठा बसेल एवढं गोल भोक आहे.